चाच्याच्या पाया पडताना

माझ्या जावयाने मला बंदुकीच्या धाकावर पकडलं होतं आणि मी त्याला सुरा खुपसून मारलं होतं. दोन्ही एकाच शनिवारी, बेलापूरला, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. लग्नाच्या पंगतीत मी हे वाक्य मुद्दाम जिलेबी वाढली जात असताना टाकतो. समोरच्याची जिलेबी हातात तशीच राहते, पाक मनगटापर्यंत ओघळतो आणि त्यापुढचा सगळा वेळ माझा.

तेव्हा तो जावई झालेला नव्हता. साखरपुडा तेवढा झाला होता, आमच्या करंजाड्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मुलगा नौदलात लेफ्टनंट. उंच, शांत, आणि इतका सभ्य की पंख्याचं बटण दाबण्याआधीही 'लावू का?' असं विचारणारा. त्या दिवशी तो सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापाशी आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"बघतोय तो," बायको माझ्या कानाशी पुटपुटली. "मी सांगितलं होतं, मोजे घाला."

माझ्या उजव्या पायाचा अंगठा हा स्वतंत्र विषय आहे. नाटकातलं कपाट पुठ्ठ्याचं असतं असा लोकांचा समज असतो. आमच्या नेपथ्यकाराला मात्र सगळं खरं लागायचं. त्याचं खरं सागवानी कपाट एका स्पर्धेच्या प्रयोगात खरोखर माझ्या पायावर पडलं. संवाद मी पूर्ण केला, टाळीही घेतली, पण त्या दिवसापासून अंगठा डावीकडे वळलाय आणि त्यावरचं नख शिंपल्यासारखं काळं, जाड, वर उचललेलं वाढतं. नेलकटर हरले. लहान मुलं तो बघायला मुद्दाम येतात. होणारा जावई त्याच्याकडे दोन क्षण जास्त बघत राहिला, तर त्याला मी दोष दिला नाही. मला तर थोडा अभिमानच वाटला.

दिवसा मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत बसतो. संध्याकाळी नाटक करतो. हौशी मंडळ आहे आमचं. त्यात मला नेहमी खलनायक मिळतो, कारण माझ्या भुवया. असाच एक प्रयोग संपल्यावर रंगपटात एक गृहस्थ आले. साधा शर्ट, पण उभे असे की मागची भिंत वाकडी वाटावी. नौदलात कमांडर आहेत म्हणाले. मूळचे कोल्हापूरकडचे.

"तुम्ही वाईट माणूस फार चांगला करता," ते म्हणाले. "आमच्याकडे एक काम हाय. चाचा व्हाल काय?"

मी मेकअप पुसता पुसता थांबलो. चाचा म्हणजे समुद्रावरचा लुटारू. आयुष्यात तस्कर झालो, सावकार झालो, दोनदा कंस झालो, पण समुद्राने मला कधी विचारलं नव्हतं.

कमांडरसाहेबांनी सगळं नीट समजावलं. अरबी समुद्राच्या पार पलीकडे, आफ्रिकेच्या टोकाशी, साऱ्या जगाची मालवाहू जहाजं एका अरुंद वाटेने जातात. लहान होड्यांतून शिड्या आणि बंदुका घेऊन माणसं त्यांच्यावर चढतात, खलाशांना ओलीस धरतात. त्याच पाण्यात मासेमारीच्या गलबतांतून हत्यारं नेणारे दहशतवादीही असतात. एवढा समुद्र एका देशाला पुरत नाही, म्हणून निरनिराळ्या देशांची आरमारं तिथे गस्त वाटून घेतात. हाक आली की ज्याचं जहाज जवळ, तो धावतो. लुटलं जाणारं जहाज कोणाचं, हे मग बघायचं. आपलं एक जहाज लवकरच त्या गस्तीवर निघणार होतं. संशयित जहाजावर चढून झडती घेणारी जी तुकडी असते, तिचा म्होरक्या निवडायची शेवटची चाचणी बाकी होती. ती बघायला इतर देशांचे चार-पाच अधिकारीही येणार होते, कारण उद्या भर समुद्रात ह्याच माणसाच्या हाताच्या खुणा त्यांच्या माणसांना कळायला हव्यात.

"पण चाचे व्हायला तुमचे खलाशी नाहीत का?" मी विचारलं.

कमांडरसाहेबांचा चेहरा पडला. "मागच्या वेळी तेच केलं. झडतीवाला अधिकारी शिडीवरून आत आला आणि ओरडला. सगळे चाचे खाड्कन सावधानमध्ये उभे राहिले. एकाने सॅल्यूट ठोकला. पाहुण्यांसमोर लाज गेली हो!"

मी तिथल्या तिथे होकार दिला. मंडळातून आणखी दोघे घेतले. एक दिघ्याचा, कारखान्यात काम करणारा, मिशीमुळे आयुष्यभर फक्त इन्स्पेक्टरच्या भूमिका केलेला. दुसरा बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातला, पोट सुटलेला, गोड आवाजाचा. आजवर आमच्या नाटकांत त्याने एकही संवाद पाठ न करता संत, डॉक्टर आणि मुलीचा बाप केले होते.

त्याच आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलीने वरणात लिंबू पिळता पिळता बॉम्ब टाकला.

"बाबा, त्याची शनिवारी फायनल टेस्ट आहे. बेलापूरला. त्यात पास झाला तर गस्तीवर जाणार. त्याला जायचंच आहे, कसला एक्साइट झालाय माहितीये? म्हणतो, टेस्ट सोपी आहे. चाच्यांच्या जागी कुठलेतरी भाड्याचे नट आणणार आहेत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चाचा होणार हे फक्त तिला ठाऊक होतं. कोणाला सांगायचं नाही असं कमांडरसाहेबांनी बजावलं होतं, आणि बायकोला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे.

मुलगी हात धुवायला उठली तशी बायको पुढे झुकली.

"म्हणजे तुमच्याशीच लढणार तो?"

"असं दिसतंय."

"आणि हरला तर नाही जाणार?"

"नाही. दुसरा कोणी जाईल."

ती एकदम गोड झाली. ही धोक्याची खूण मला पंचवीस वर्षं परिचित आहे. "अहो, पनवेलचा हॉल ठरलाय. आचारी ठरलाय. तो गेला तर लग्न पुढे. आणि पुढेचं सोडा, तिथे खऱ्या बंदुका असतात. पंखा लावायला परवानगी मागणारा मुलगा तो. कोणी समोर आला तर म्हणेल, 'झाडू का गोळी?' तुम्ही आयुष्यात एकदा तरी माझ्या उपयोगी पडा. हरवा त्याला!"

"आणि पोरीला काय सांगू?"

"तिला कशाला सांगायचंय? तुम्ही भाड्याचे नट आहात ना?"

हा घाव वर्मी बसला. भाड्याचे नट! मी दुसऱ्या दिवशी कमांडरसाहेबांना फोन करून खरं काय ते सांगितलं, की समोरचा मुलगा आमचा होणारा जावई आहे. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग कळलं, ते हसत होते.

"चाच्यालाही कुठंतरी जावई असणारच की," ते म्हणाले. "त्याला कळू देऊ नका. अजिबात दया दाखवू नका. तुमच्याकडे रबरी सुरा असणार. त्याची सावधगिरी एवढीशी सुटली की काढायचा. त्या समुद्रात कोण थांबणार नाही त्याच्यासाठी."

आमच्या इकडे जहाजावरचं शिक्षण देणाऱ्या शाळा आहेत. त्यातल्या एकीच्या आवारात, खाडीपासून चांगलं लांब, जमिनीवर एक अख्खं जहाज बांधलेलं होतं. डेक, कठडे, शिड्या, भटारखाना, इंजिनाची खोली, सगळं. फक्त पाणी नाही. जहाजाच्या चारी बाजूंनी हिरवळ, आणि हिरवळीवर पाटी: 'गवतावर चालू नये.' हाच आमचा हिंदी महासागर.

चाच्यांची होडी एका हातगाडीवर बसवली होती आणि दोरीने ओढली जायची. दिवाळेवाला ती बघून कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पान्याशिवाय होडी?" तो म्हणाला. "माझा आजा वरतून बगत असंल तर शरमंनं मान खाली घालंल."

"अभिनय कर," मी म्हणालो. "डोल थोडा."

"डोललो तर गाडी उलटंल."

वेशभूषा माझी. चौकड्याची लुंगी, फाटका बनियन, तोंडाला गमछा. फक्त डोळे दिसत होते. पाय अनवाणी, कारण शिडी चढताना चाचे चपला घालत नाहीत, असं मला वाटलं. आता कळतं, तिथेच चुकलो.

शनिवारी सकाळी डेकवरच्या छपराखाली पाहुणे अधिकारी बसले. वेगवेगळे गणवेश, सारख्याच पाण्याच्या बाटल्या. कोण कुठल्या देशाचे ते लिहायचं नाही असं तेव्हाच बजावलं होतं, आणि मीही शब्दाचा पक्का आहे. दंडाला पांढरी पट्टी लावलेले पंच इकडे तिकडे उभे होते. त्या शाळेतली पोरं जहाजाचे खलाशी झाली होती. हल्ला झाला की खलाशांनी पळत जाऊन एका पोलादी खोलीत आतून कडी लावून बसायचं असतं. खरोखर तसंच करतात. चाच्यांच्या हाती माणूस लागला नाही, तर आरमाराला मोकळेपणी चढता येतं.

शिट्टी वाजली. आमची होडी गवतावरून निघाली. मी नाकाशी उभा राहून लाकडी बंदूक परजली, दिघेवाल्याने आरोळी दिली, आणि तेवढ्यात डावीकडून माळी पाइप घेऊन धावत आला.

"ओ! पाटी वाचता येत नाय काय? लॉन आहे ते!"

"समुद्र आहे!" मी गरजलो.

"सुट्टीच्या दिवशीच कसे येता रे सगळे!" असं म्हणत त्याने आमच्यावर पाणी सोडलं. पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं. जहाजावरून चाच्यांवर पाण्याचे फवारे मारतात, हे मला नंतर कळलं. माळीबुवांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

ओलेचिंब आम्ही शिडी लावून चढलो. पोरं पळाली आणि खोलीत जाऊन बसली. पण एक पोरगा, जहाजाचा कप्तान झालेला, मागे राहिला. तो दिवाळेवाल्याने धरला आणि ठरल्याप्रमाणे भटारखान्यात नेऊन डांबला. आता ती पोलादी खोली. मी दारावर दणके दिले, धमक्या दिल्या. आत शांतता. चांगलं शिकवलं होतं पोरांना. मग माझ्यातला नट जागा झाला. मी आवाज बदलला, दारावर बोटाने हलकेच टकटक केलं आणि म्हटलं, "कँटीन बंद होतंय. शेवटचा चहा आहे, कटिंग."

आतून लगेच आवाज आला. "दोन ठेवा!"

पाठोपाठ कोणाच्या तरी डोक्यात टपली बसल्याचा आवाज आणि पुन्हा शांतता. दार उघडलं नाही, पण पंचांनी तोंड फिरवून खांदे हलवलेले मी पाहिले.

आणि मग तो आला.

मी त्याला साखरपुड्यात पाहिलं होतं, घरी पोहे खाताना पाहिलं होतं. हा कोणी दुसराच होता. शिडीवरून आवाज न करता वर, मागे सहा-सात जण, सगळे काळ्या वेशात. बोटाची एक खूण, दोघे डावीकडे. दुसरी खूण, दोघे वर. 'लावू का?' विचारणारा मुलगा कुठे गेला कोण जाणे. दिघेवाला पुढे झाला, बंदूक रोखली, आणि वीस वर्षांच्या सवयीने गर्जला, "हँड्सअप! पोलिसांनी तुम्हाला चारी बाजूंनी घेरलंय!"

तुकडी क्षणभर थबकली. एवढ्यात दोन जवानांनी त्याला खाली घेतलं. तो खालूनही ओरडत होता, "कायदा हातात घेऊ नका!" त्याला आवरायलाच दोघे अडकले, म्हणून माझी झडती घ्यायला खुद्द लेफ्टनंटसाहेब आले.

"हात वर!" तो इंग्रजीत ओरडला. अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू. मी हात वर केले. त्याने मला वळवलं, कठड्याकडे तोंड, पाय फाकवून. बंदूक काढून घेतली. खांदे, बगला, कंबर चाचपली. लुंगीच्या मागच्या गाठीत सुरा होता. ओल्या लुंगीची गाठ अशी काही फुगली होती की सुरा त्यात गडप झाला होता. त्याच्या हाताला लागला नाही. मग त्याने मला परत समोर वळवलं आणि घोट्यांपर्यंत तपासायला वाकला.

आणि वाकलेलाच राहिला.

वरून मला फक्त त्याचं हेल्मेट दिसत होतं. ते हेल्मेट माझ्या उजव्या अंगठ्यासमोर थांबलं होतं. पाण्याने धुतलेला तो शिंपला उन्हात चमकत होता. आपल्याकडे मोठ्या माणसांचे चेहरे आपण चोरून बघतो, पाय मात्र जवळून, वाकून, नीट बघितलेले असतात. मी तोंडाला गमछा बांधला होता. बांधायचा तो पायाला बांधायला हवा होता.

त्याचा उजवा हात पुढे आला. माझ्या पावलांना लागला. हेल्मेटला लागला. पुन्हा पावलांना, पुन्हा हेल्मेटला.

भर डेकवर, चार-पाच देशांच्या आरमारांसमोर, भारतीय नौदलाचा अधिकारी सागरी चाच्याच्या पाया पडला.

मी काय करणार? संस्कार इकडूनही होतेच. माझा वर केलेला उजवा हात आपोआप खाली आला, त्याच्या हेल्मेटवर टेकला आणि माझ्या तोंडून निघालं, "यशस्वी व्हा."

आणि त्याच क्षणी मला बायको आठवली, कमांडरसाहेब आठवले, भाड्याचे नट आठवले. उजवा हात आशीर्वाद देत होता. डावा मागे गेला. गाठीतून सुरा निघाला आणि वाकलेल्या पाठीत, चिलखताच्या कडेला, हलकेच टेकला.

"मेलात, जावईबापू," मी म्हणालो.

पंच धावत आला. त्याने काही पाहिलेलं नव्हतं, त्याचं लक्ष दिघेवाल्याच्या आरडाओरड्याकडे होतं. "टच हुआ?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तो मुलगा सरळ झाला. चेहरा पांढराफटक. "हुआ, सर," तो म्हणाला. "मैं मर गया।" आणि डेकवर आडवा झाला.

मला वाटलं होतं, इथे माझ्या डोक्यात टाळ्या वाजतील. वाजल्या नाहीत. पंचाने त्याच्या छातीवर लाल फीत ठेवली. तुकडीतल्या एका जवानाने माझा सुरा हिसकावून माझे हात मागे बांधले आणि मला मढ्याच्या शेजारी बसवलं. उन्हात आम्ही दोघं. मारेकरी आणि मेलेला.

"लेफ्टनंटसाहेब," मी हळूच म्हटलं.

"काका, मेलेल्या माणसाला बोलायची परवानगी नाही," ओठ न हलवता तो म्हणाला.

"मग ऐका. पाया कशाला पडलात हो?"

"अंगठा दिसला. हात गेला." थोडं थांबून, "न पडता तसाच उठलो असतो आणि आईला कळलं असतं, तर तिने मारलं असतं."

"त्यापेक्षा मी मारलं ते बरं."

त्याचं पोट हललं. हसला असावा.

"फार मनात होतं का जायचं?" मी विचारलं.

"मागच्या जहाजावर असताना रेडिओवर एक माणूस ऐकला होता," तो म्हणाला. "कुठल्यातरी मालवाहू जहाजाचा. चाचे वर चढले होते, तो खोलीत बसून बोलत होता. आम्ही लांब होतो. तो सारखं विचारायचा, किती लांब आहात? आम्ही सांगायचो, येतोय. शेवटी दुसऱ्याच एका देशाचं जहाज पोचलं, सुटला तो. आम्ही पोचलोच नाही. मला काका, त्या पोचणाऱ्यांत असायचं होतं."

मी जरा सरकलो, माझी सावली त्याच्या तोंडावर पडेल असा बसलो.

आमचं हे चाललेलं असताना डेकवर काय चाललं होतं, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. कोणीही थांबलं नव्हतं. लेफ्टनंट पडल्याबरोबर तुकडीतल्या एका थोराड जवानाने फक्त हात वर केला, आणि बाकीच्यांनी माना त्याच्याकडे वळवल्या. ओरडाआरडा नाही, 'साहेब पडले' नाही. त्याच खुणा, तोच वेग. थोड्याच वेळात भटारखान्याचं दार उघडलं आणि आमचा दिवाळेवाला हात वर करून बाहेर आला. एका हातात बिस्किटाचा पुडा होता. मागून ओलीस कप्तान बिस्किट खात खात येत होता.

"अरे, धमकी द्यायची सोडून खातोस काय?" मी ओरडलो.

"पोराला भूक लागली व्हती," दिवाळेवाला म्हणाला. "लेकरू हाय ते. उपाशी ठेवू काय?"

मग तो थोराड जवान पोलादी खोलीशी गेला, ठरलेल्या पद्धतीने दार ठोठावलं, ठरलेला शब्द सांगितला. आतून विचारलं, "चहावाला नाही ना?" आणि दार उघडलं. सगळे खलाशी सुखरूप. जहाज सुटलं. आमच्यातला एकही चाचा मोकळा नाही.

शिट्टी वाजली. मेलेला उठून बसला, अंग झटकलं आणि मान खाली घालून पाहुण्यांसमोर जाऊन उभा राहिला. माझे हात अजून बांधलेलेच होते, मला कोणी सोडायचं विसरलंच होतं, म्हणून मीही बाजूला उभा राहिलो.

कमांडरसाहेबांनी विचारलं, "कसे मेलात?"

"माझी चूक, सर. लक्ष विचलित झालं."

"आणि तुम्ही पडल्यावर तुकडी कोणी चालवली?"

"ते आधीच ठरलं होतं, सर. मी पडलो तर कोण, तो पडला तर कोण, शेवटच्या माणसापर्यंत. रोज एकेकाला म्होरक्या करून सराव केला होता."

पाहुण्यांतला एक उंच, पिकल्या केसांचा अधिकारी शेजाऱ्याकडे झुकून काही बोलला. मग त्याने इंग्रजीत विचारलं, की चाच्याच्या पायाशी वाकून पावलाला आणि मग कपाळाला हात लावायची ती कृती काय होती? त्यांच्या तुकड्यांच्या झडतीत तशी पायरी नाही.

लेफ्टनंटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कमांडरसाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र रेघही हलली नाही.

"स्थानिक पद्धत," ते म्हणाले. "पायाची झडती. अजून सुधारतोय."

उंच अधिकाऱ्याने गंभीरपणे मान हलवली आणि उभ्या उभ्या एकदा करूनही बघितली. पावलाला, कपाळाला. दोनदा.

निकाल तिथेच लागला. ज्याच्या मरण्याने तुकडीचं काही अडत नाही, तो म्होरक्या चांगला, असं कमांडरसाहेबांचं म्हणणं पडलं. आधीच्या चाचण्यांत बाकीच्या उमेदवारांच्या तुकड्या साहेब पडल्यावर साहेबाभोवती गोळा झाल्या होत्या. आमचा मेलेला मुलगा पास झाला. "फक्त," कमांडरसाहेब त्याला म्हणाले, "नातेवाईक दिसला तरी आधी हात बघायचे, पाय नंतर."

मी करंजाड्याला घरी पोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती.

"जिंकलो," मी म्हणालो. "मारला त्याला. पाठीत."

"देवा! मग?"

"मग तो जाणार. निवड झाली."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओली लुंगी, गळ्यात गमछा, अंगठा. "जिंकूनही हरायचं," ती म्हणाली, "हे फक्त तुम्हालाच जमतं."

मुलगी मात्र नाचत होती. लग्न पुढे गेलं. पनवेलच्या हॉलवाल्याशी बायको जे बोलली त्यापुढे माझा चाचा बालवाडीतला होता. पण रागाचा भर ओसरल्यावर तिने एका रविवारी होणाऱ्या जावयाला जेवायला बोलावलं. जेवण झालं, पान झालं, आणि तिने त्याला हॉलच्या मधोमध उभं केलं.

"माझ्या पाया पडा," ती म्हणाली.

बिचारा निमूट वाकला. तिने पाठीमागे धरलेलं लाटणं खाडकन त्याच्या पाठीत घातलं.

"मेलात! काय बघत होतात? पाय? परत!"

तो परत वाकला. परत लाटणं. मुलगी ओरडायला लागली, "आई, काय हे!" मी सोफ्यावर बसून बडीशेप खात होतो.

"जायचंच असेल तर जा," बायको त्याला म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा हलला. "पण अशी मान खाली घालून नका जाऊ. आधी हात धरायचे. दोन्ही. मग वाकायचं. परत!"

संध्याकाळपर्यंत ती त्याला वाकवत होती. शेवटी त्याने आधी तिचे दोन्ही हात धरले, लाटणं काढून टीपॉयवर ठेवलं आणि मग वाकला. तेव्हा कुठे तिने आशीर्वाद दिला.

तो गेला, महिने गेले, गस्त घालून परत आला. तिथे काय काय झालं ते तो सांगत नाही. एवढंच म्हणाला की एकदा रेडिओवर कोणीतरी किती लांब आहात असं विचारलं, आणि ह्या वेळी ते पोचले.

लग्न लागलं. मांडवात तो प्रत्येक मोठ्या माणसापाशी गेला, आधी दोन्ही हात स्वतःच्या हातात घेतले, मग पाया पडला. आमच्या नातेवाइकांना वाटलं, नौदलातली रीत असणार. किती मायेने हात धरतो! त्यांच्या घरातली पोरंही आता तसंच करतात.

माझ्यापाशी आला तेव्हा त्याने माझा उजवा हात धरला आणि थांबला. डावा माझ्या पाठीमागे होता.

"डाव्या हातात काय आहे, बाबा?"

"पेढा," मी म्हणालो.

"आधी दाखवा."